रौप्यमहोत्सव आणि माझा खोटा रुपया
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेले भाषण)



आज आपल्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव. रौप्य म्हणजे चांदी, म्हणून सेक्रेटरी म्हणाले, "नाण्यांवर दोन शब्द बोला." बोलतो, पण माझ्या फजितीबद्दल.

मी मूळचा जोह्याचा. जोहे, हमरापूर म्हटलं की गणपतीचे कारखाने. आमच्या घरातही कारखाना, पण मला नाद लागला नाण्यांचा.

काही वर्षांपूर्वी एका लिलावात १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया निघाला. पूर्वी रुपयात ९१.७ टक्के चांदी असे, १९४० पासून ती निम्म्यावर आली. त्या जुन्या चांदीतले १९३९ चे रुपये फार दुर्मीळ. हे नाणं ग्रेडिंग न झालेलं, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून, १ ते ७० मध्ये दर्जा ठरवून, डबीत सीलबंद न केलेलं. अशी मोकळी नाणी स्वस्त पडतात. मी फोटो बघून घरबसल्या बोली लावली आणि २२,००० ला घेतलं. वर कमिशन, जीएसटी वेगळा. एवढं दुर्मीळ नाणं एवढ्यात कसं मिळतंय, हे डोक्यातच आलं नाही.

पैसे होते तुमच्या वहिनींचे, पाटल्यांसाठी भिशीत साठवलेले. मी न विचारता घेतले.

श्रावणात जोह्याला गेलो. कारखान्यात ऐन घाई. रंगाने भरलेल्या हातांनीच काकांनी नाणं घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाळा, हे साच्यातलं आहे रे." आयुष्यभर त्यांनी साच्यातून निघालेल्या मूर्तींच्या सांध्याची रेघ घासून काढली. तीच बारीक रेघ या रुपयाच्या कडेला होती! टांकसाळीत नाणं ठशाने दाबून पाडतात, साच्यात ओतत नाहीत. मग सोनाराकडे वजन केलं. खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. माझा अकराही भरला नाही. तक्रारीची मुदत लिलावाच्या अटींत छापलेली होती. ती मी वाचली तेव्हा टळून गेली होती.

चार महिने घरात बोललो नाही. दिवाळीत सांगितलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे, मला विचारलं का नाहीत?" मंडळी, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

म्हणून सांगतो. मोकळं नाणं जरूर घ्या, पण लिलावाआधी नाणी बघायला ठेवतात तेव्हा जाऊन हातात घ्या. फोटोत कड दिसत नाही. भिंग आणि वजनकाटा जवळ ठेवा. अटी आधी वाचा. कमिशन आणि कर धरूनच आपला आकडा ठरवा आणि तो घरात सांगा.

शिवराईच्या बाबतीतही घाई नको. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं असलेली तांब्याची शिवराई महाराजांनंतर पेशवाईतही पाडली जात होती. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. ती हाताने ठोकलेली, म्हणून वेडीवाकडी आणि अर्धवट अक्षरांची असली तर तो दोष नव्हे.

आणि भगिनींनो, लक्ष्मीपूजनाची जुनी नाणी चिंच लावून घासू नका. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

तो खोटा रुपया मी विकला नाही. विकला असता तर दुसरा कुणी फसला असता. तो आज इथे टेबलावर ठेवलाय, शेजारी माझ्या आजीचा १९१८ चा खरा रुपया आहे. मुलांनो, दोन्हींच्या कडेवरून बोट फिरवून बघा.

आणि हो, पाटल्या गेल्या वर्षी झाल्या. या वेळी विचारून!