लिनक्स संगणकाची आरंभींची कुरकुर

चंद्रपूरजवळच्या ताडोबाच्या अरण्यांत वाटाडे चितळाच्या हांकेनें एकदम सावध होत नाहींत. चितळ पान हाललें तरी ओरडतें. सांबर ओरडलें म्हणजे मात्र वाघ जवळ असावा असें धरून चालतात. लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक सुरू होतांना पडद्यावर ज्या ओळी धांवतात, त्यांतही हीं दोन्ही जनावरें असतात.

वाय-फायच्या कार्डांत स्वतःचा एक लहानसा प्रोसेसर असतो. त्यानें काम कसें करावें हें सांगणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बहुधा कार्डांत कायमची नसते. संगणक सुरू होईल तेव्हां दर वेळीं ती एका फाइलींतून त्याच्या हवालीं करावी लागते. इंटेल कंपनीच्या कार्डांसाठीं लिनक्समध्यें जो ड्रायव्हर आहे, तो सर्वांत नव्या क्रमांकाची फाइल आधीं मागतो. ती न मिळाल्यास एक क्रमांक खालीं उतरून पुन्हा मागतो, आणि प्रत्येक नकाराची नोंद ‘उणे दोन’ ह्या आंकड्यासह उमटते. उणे दोन याचा अर्थ इतकाच कीं, त्या नांवाची फाइल येथें नाहीं. ड्रायव्हर आणि फर्मवेअर वेगवेगळे प्रसिद्ध होतात. त्यामुळें ड्रायव्हरला ठाऊक असलेली फाइल संगणकावर पोंचलेलीच नसते. पुढें जुनी फाइल सांपडते, ती चढविल्याची ओळ येते, आणि जोडणी सुरळीत चालते. कांहीं कार्डांच्या बाबतींत ‘योयो’ अशा गमतीच्या नांवाची फाइल नसल्याची तक्रार दिसते. ती अभियंत्यांच्या दोषशोधनासाठीं आहे. घरच्या माणसास तिचा उपयोग नाहीं. एवढ्याशा गोष्टीस ‘चूक’ म्हणावें, हें मात्र यंत्राच्या कर्त्यांना शोभत नाहीं.

कारण ह्या शब्दानें घाबरून कोणी सगळी प्रणाली पुसून नव्यानें घालतो, आणि त्या भरांत वर्षाचें लिखाण गमावतो. चंद्रपूर शहरांत दुरुस्तीचें दुकान हांकेच्या अंतरावर असतें. १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडला, पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला म्हणजे रस्ताच बंद होतो. तेथून चांगला संगणक पिशवींत घालून शहरास नेणें, किंवा मंद जोडणीवरून शेंकडों मेगाबाइटांचा फर्मवेअरचा गठ्ठा उतरविणें, ही विनाकारण शिक्षा होय.

डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा दिली कीं त्या नोंदी पुन्हा वाचतां येतात. नकारांच्या मागून फाइल चढल्याची ओळ असेल आणि आसपासच्या जोडण्यांचीं नांवें दिसत असतील, तर तें चितळ. एकही फाइल चढली नसेल आणि नांवें दिसतच नसतील, तर तें सांबर. डेबियन प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत असें पुष्कळदां होई, कारण मुक्त परवान्याखालीं नसलेलें फर्मवेअर तिच्या अधिकृत संचांत ठेवीत नसत; जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून तें ठेवूं लागले. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभारलेली आहे. फाइल खरोखरच हवी असेल, तर अँड्रॉइड फोन तारेनें संगणकास जोडून त्याचें इंटरनेट वापरतां येतें; त्यास वाय-फायच्या कार्डाची गरज पडत नाहीं. फाइल उतरली कीं संगणक एकदां बंद करून पुन्हा सुरू करावा.