आधी लाकूड, मग जळण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



पूर्वी आपल्याकडे बांधावर बाभूळ नाही असे शेत क्वचितच सापडे. तिच्या खोडातून नांगर, कुळव, बैलगाडीचे जू निघे. काटे कुंपणाला, शेंगा शेळ्यांना आणि उरलेल्या फांद्या चुलीला. बाभूळ केवळ जळणासाठी मात्र कोणी लावली नाही. जळण हे तिचे शेवटचे उत्पन्न होते. आज ऊर्जेसाठी झाडे लावा, लाकडावर वीज करा, असे सांगितले जाते, तेव्हा हा क्रम आठवावा.

गेल्या पन्नास वर्षांत 'चमत्कारी झाड' म्हणून काही पाहुणे आपल्या शेतावर येऊन गेले. सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या 'बायफ' संस्थेने मणिभाई देसाईंच्या पुढाकाराने सुबाभूळ प्रचारात आणली. झाड झपाट्याने वाढणारे, जमिनीत नत्र धरणारे आणि जनावरांना पाला देणारे. पण पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असल्याने तो बेताने चारावा लागतो, बी पडून रान माजते आणि १९८८ च्या सुमारास सायला किडीने या झाडाला देशभर ग्रासले. झाड वाईट ठरले नाही, पण चमत्कार ओसरला.

मग मोगली एरंड आला. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या बियांपासून डिझेल करण्याची मोठी योजना मांडली. पडीक, कोरड्या जमिनीत तो येतो, असे सांगितले गेले. तो आला, तगलाही, पण बिया पुरेशा धरल्या नाहीत. दुष्काळात जिवंत राहणे वेगळे आणि दुष्काळात पीक देणे वेगळे, हा धडा लावणाऱ्यांना त्यातून मिळाला. पेंडही विषारी, त्यामुळे ती जनावरांपुढे टाकता येईना.

ज्वारीच्या नव्या वाणाचा एक प्रयोग एका हंगामात उरकतो. पाच वर्षांनी तोडायच्या झाडाचा एक प्रयोग पाच वर्षे चालतो, आणि तो पुन्हा करून पाहायचा तर दहा. आपल्या शेजारच्या राहुरी कृषी विद्यापीठात कृषिवनशेतीवर संशोधन होते, त्याचे मोल या चिकाटीत आहे. घाई केली तर प्रयोगाचा खर्च शेतकऱ्याच्या रानावर पडतो, आणि वाया गेलेली पाच वर्षे त्याला कोणी भरून देत नाही.

आता थोडा हिशेब करू. लाकडावर एक युनिट वीज करायला साधारण सव्वा किलो वाळलेले लाकूड लागते. एक मेगावॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला २४ हजार युनिट, म्हणजे सुमारे ३० टन लाकूड. दीडशे दिवसांचे झाले साडेचार हजार टन. जिरायत जमिनीत एकरी वर्षाला चार टन वाळले लाकूड निघेल असे धरले, तरी ११०० एकर रान केवळ या एका यंत्रासाठी अडकेल. आणि हे लाकूड लांबून आणावे लागले, तर वीज होण्याआधीच फायदा वाहतुकीत जळतो.

म्हणून केवळ जाळण्यासाठी झाड लावणे परवडेलच असे नाही. याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. सोनई आणि भेंडे येथे साखर कारखाने आहेत. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस, म्हणजे चोथा उरतो. त्यावर बॉयलर पेटतो, वाफ होते, वीज होते. ऊस कोणी चोथ्यासाठी लावत नाही. साखरेने उसाचा खर्च भरून निघतो, म्हणून चोथा स्वस्त पडतो. झाडाचेही तसेच व्हायला हवे. खोड फर्निचरला, प्लायवूडला, खांबांना किंवा कागदाला जावे आणि फांद्या, साली, भुसा बॉयलरला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर काम केले, त्यामागेही हाच विचार दिसतो. तिच्या 'मधुरा' वाणाचे कणीस घरात येते, ताटाच्या रसापासून अल्कोहोल होते आणि चोथाही कामी येतो. अर्थात रस लवकर आंबतो, त्यामुळे गाळायची सोय जवळ हवी. याच संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायरही तयार केला. जे पाचट आपण फडातच पेटवून देतो, तेही जळणच आहे.

मग झाडे लावायची कुठे? उसाच्या चांगल्या रानात नकोत आणि ज्वारी-बाजरी काढूनही नकोत, कारण तिच्याबरोबर कडबाही जातो. ओढ्याकाठ, रस्त्याकडेला, कालव्याच्या पाण्याने खारवट, चोपण झालेले तुकडे आणि बांध, एवढी जागा पुरे. चौरस एकराचा बांध शेजाऱ्याबरोबर अर्धा धरला, तर तीन मीटरवर एक याप्रमाणे चाळीसेक झाडे बसतात. मात्र आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेला कललेला असतो. उत्तरेच्या बांधावरच्या झाडाची सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडते. बांधावरची भांडणे आपल्याला काही कमी नाहीत, तेव्हा लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलावे.

कायदाही पाहावा. १९६४ च्या कायद्यानुसार सागासारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. खासगी जमिनीतला बांबू मात्र २०१७ च्या दुरुस्तीने वनकायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला आहे.

आणि सर्वांत मोठा प्रश्न गिऱ्हाइकाचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गुजरात आणि उत्तर भारतात निलगिरीच्या बल्ल्यांचे भाव कोसळले. सर्वांनी एकदम लावली होती आणि एकदम तोडली. नाशिकमध्ये विनायकराव पाटलांनी निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली होती. झाड एकट्याने लावता येते, पण भाव एकट्याला मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या तालुक्यात सहकार नवा नाही. गाळप संपल्यावर कारखान्यांचे बॉयलर कित्येक महिने थंड असतात. येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्यात: बिगरहंगामात लाकडाचे तुकडे आपल्या बॉयलरला चालतील का? चालत असतील तर कोणत्या दराने आणि किती वर्षांच्या लेखी कराराने घेणार? आणि खोडासाठी दुसरे गिऱ्हाईक कोण? या तिन्हींची उत्तरे मिळाली की मग रोपवाटिकेत जावे. तोवर बांधावर चार-दोन बाभळी, एखादा कडुनिंब जरूर लावावा. त्यांचे गिऱ्हाईक घरातच असते.