नगराचा कारभार कोणाच्या हाती?
(शहागंज येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



निजामी राजवटीत जिल्ह्याचा अव्वल तालुकदार हैदराबादच्या हुकमाने चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये ती सत्ता गेली, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. ८ डिसेंबर १९८२ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली, परंतु लोकांनी निवडलेले सभासद सभागृहात बसावयास १९८८ साल उजाडले. तोवर कारभार प्रशासकाचा.

पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पाच वर्षांची मुदत व ती सरण्यापूर्वी निवडणूक असा दंडक घातला. तथापि एप्रिल २०२० मध्ये येथील मुदत संपली आणि साथ, आरक्षण, प्रभागरचना अशा एकामागून एक कारणांनी पाच वर्षांहून अधिक काळ सभागृह रिकामे राहिले. प्रशासक आले याचे मला तितकेसे दुःख नाही. त्यांत कर्तबगार माणसेही असतात. आपल्यापैकी पुष्कळांना सभागृहाची उणीव भासलीच नाही, हे मात्र बोचते.

न भासण्याचे कारण उघड आहे. महापौरांचा मान मोठा. पण अंमलबजावणीचा अधिकार १९४९ च्या अधिनियमान्वये आयुक्तांचा, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. पूर्वी जकातीचा पैसा पेठेतून थेट पालिकेच्या तिजोरीत पडे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि त्या उत्पन्नाची भरपाई मुंबईहून येऊ लागली. पाण्याचेच पाहा. जायकवाडीहून येणाऱ्या नव्या जलवाहिनीचे काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, म्हणजे राज्याच्या संस्थेकडे, सोपविले गेले. पाणीपट्टी मागते महापालिका. आणि नळ कोरडा राहिला की आपण जाब विचारतो तो गल्लीतल्या नगरसेवकाला! बिचाऱ्याने अर्ज घेऊन मुंबईची वाट धरावी, हेच काय ते त्याचे स्वराज्य.

तरीही अंदाजपत्रक मंजूर करणे, कराचे दर ठरविणे, प्रभाग समितीत अधिकाऱ्यास प्रश्न विचारणे, एवढे हक्क त्याच्या पदरी आहेतच. ते वापरले न गेल्यास दोष सर्वस्वी मुंबईचा म्हणता येणार नाही. ज्ञातीचा उमेदवार निवडून आला की आपण त्याचा सत्कार करतो, आणि तो करावाच. परंतु अंदाजपत्रक वाचलेत काय, असे हार घालताना कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

म्हणून माझी सूचना एवढीच की, पुढील संमेलनात एक तास राखून ठेवावा, आणि शहागंजच्या भाजीबाजारासाठी व गटारांसाठी अंदाजपत्रकात काय धरले आहे, ते आपल्या सभासदांनी सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. प्रत मिळविण्याचे काम मी पत्करतो.