वीट खाली येते तेव्हा



मोशी, चिखली, रावेत, ताथवडे, तिकडं चाकणपर्यंत नव्या इमारती उभ्या राहतायत. आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी तिथं विटा-वाळू वाहायला जातात. म्हणून आज आम्ही वरून पडणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहोत.

जड वस्तू आधी पडते, असं आपल्याला वाटतं. गटाच्या बैठकीत आम्ही करून पाहिलं. एक नाणं आणि कागदाचा घट्ट बोळा एकाच उंचीवरून एकदम सोडला. दोन्ही बरोबरच जमिनीला टेकले. तोच कागद उलगडून सोडला, तर तरंगत आला. त्याला हवा अडवते. चंद्रावर हवा नाही. तिथं १९७१ साली डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानं हातोडा आणि पीस एकदम सोडलं, तर दोन्ही एकदमच खाली आली. म्हणजे छोटा नट असो की अख्खी वीट, खाली येताना दोन्हींचा वेग सारखाच वाढतो.

आणि तो वाढतच जातो. दर सेकंदाला ताशी सुमारे ३५ किलोमीटरची भर पडते. पहिल्या सेकंदात वस्तू १६ फूट खाली येते. दोन सेकंदांत मात्र ३२ नाही, तर ६४ फूट. ६४ फूट म्हणजे साधारण सहावा मजला. तिथून सुटलेली वीट खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो, हायवेवरच्या गाडीसारखा.

आता हिशोब करा. वरून कुणी ओरडलं, “अगं, सरक!” ते ऐकायचं, पाटी टाकायची, बाजूला व्हायचं, सगळं दोन सेकंदांत. तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून काळजी वीट सुटण्याआधीच घ्यायची.

वर काम चालू असेल तर खालून ये-जा नको. तिथं डबा खायला बसू नका, लेकरू निजवू नका. आयएसआय खुणेचं हेल्मेट घाला, हनुवटीचा पट्टा लावा. डोक्यावर चुंबळ आणि पाटी असली की हेल्मेट बसत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मग मालासाठी ढकलगाडी मागा, नाहीतर वाट इमारतीपासून लांबून काढायला सांगा. कायद्यानं सुरक्षेची जबाबदारी मालकावर टाकली आहे. एकटीला मुकादमापुढं बोलणं जड जातं. चौघी-पाचजणी मिळून बोला.