ज्याचा निर्णय, त्याची राखण



ज्या तिरुवल्लिकेणीत आपण आज जमलो आहोत, तिच्या नावातच तळे आहे. तमिळ भाषेत 'अल्लि' म्हणजे कुमुद आणि 'केणी' म्हणजे तळे. नाव जिभेवर आपोआप टिकते. तळे आणि रान मात्र राखणाऱ्यावाचून टिकत नाही.

ही राखण कोणी करावी, याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावास सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतो. तत्पूर्वी अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह होतो. तरुण पिढीच्या संस्काराचे घर जे गोटुल, तेही गावाने पुन्हा उभारले. ज्या निर्णयात आपला शब्द असतो, त्याची राखण मनुष्य आपण होऊन करतो, हे या गावाचे मर्म आम्हांस वाटते.

आपली मुले मातृभूमीपासून दूर वाढत आहेत. त्यांच्याकडून सतरंज्या घालून घेणे पुरेसे नाही. मंडळाच्या निर्णयातही त्यांस स्थान द्यावे, एवढीच सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची नम्र विनंती.