स्वभाव की समाज?



"आपला माणूस एकत्र येत नाही, त्याचा स्वभावच तसा," हे वाक्य प्रत्येक बैठकीत कानावर येते. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. एकच वाण मुरमाड रानात एक उतारा देते, काळ्या रानात दुसरा. म्हणून आम्ही बियाण्याला शिव्या देत नाही, आधी जमीन पाहतो. माणसाची जमीन पाहण्याचे जे शास्त्र, ते समाजशास्त्र. त्यासाठी जाडजूड पुस्तक नको. आपलीच माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत गेली, तिथे ती कशी वागली ते पाहू.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरचा गडी गिरणीत चिकटे तो जॉबरच्या ओळखीने. जॉबर पुष्कळदा गावचा नाहीतर नात्यातला. राहायला गावकीचा गाळा. एका खोलीत वीसवीस जण. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला आडवा. जेवण खानावळीत, पगार होईपर्यंत उधारीवर. कोणी पगार उडवला तर बातमी गावी पोचलीच. अशा ठिकाणी माणूस काटकसरी होतो. याला स्वभाव म्हणायचे की गाळ्याची करणी?

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वर्ष उलटले तरी पुष्कळजण मागे फिरेनात. शहाणे म्हणाले, भडकवलेत. अहो, भडकलेला माणूस आठ दिवस टिकतो! गावाकडे ज्यांची थोडी शेती होती ते तिकडे गेले. आणि संप फोडणाऱ्याला रात्री त्याच गाळ्यात पथारी टाकायची होती. संप फसला, हजारोंची नोकरी गेली, हेही खरे.

पण हाच गोतावळा माणसाला बाहेरही ठेवतो. साचाखात्यात पगार बरा. तिथे कांडी बदलताना धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार दलिताला त्या खात्यात येऊ देत नसत. यंत्र विलायतेचे, विटाळ गावचा! 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात साचाखाते खुले करण्याची मागणी घेतली जावी म्हणून डॉ. आंबेडकरांना संपाच्या पुढाऱ्यांशीच भांडावे लागले.

आता आपल्या बैठकांना कोण येत नाही, ते तालुकावार पाहू. गावाचे नाव सांगा, बैठक कोणाच्या ओसरीवर भरते ते सांगा, आणि त्या ओसरीवर कोण चढू शकत नाही तेही सांगा.