विशेषणांचा संसार : इंग्रजी आणि पोलिश

नामाच्या आश्रयाने राहतो तो शब्द विशेषण, अशी व्याकरणाची शिकवण आहे. परंतु हा आश्रित कोणाच्या घरी कसा वागतो, हे त्या त्या भाषेच्या रीतीवर अवलंबून असते. इंग्रजीच्या घरी तो अलिप्त राहतो. पोलिश भाषेच्या घरी मात्र त्याला यजमानाचे लिंग, वचन आणि विभक्ती अशा साऱ्यांची मर्जी सांभाळावी लागते. म्हणूनच एका भाषेतील विशेषण दुसरीत नेणे हे शब्दकोश उघडून एका शब्दाजागी दुसरा ठेवण्याइतके सोपे काम नव्हे.

इंग्रजीतील 'गुड' हाच शब्द घ्यावा. मुलगा असो, मुलगी असो वा पुस्तकांचा ढीग असो, 'गुड' जसाच्या तसा राहतो. पोलिशमध्ये मुलगा 'दोब्री', मुलगी 'दोब्रा' आणि मूल 'दोब्रे' असते. मराठी माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. चांगला, चांगली, चांगले ही त्रयी त्याच्या तोंडी बालपणापासून आहे. विभक्तीचेही तसेच. 'चांगला मुलगा' हा 'चांगल्या मुलाला' होतो, तसा पोलिशमधील 'दोब्री' हा 'दोब्रेगो', 'दोब्रेमू' अशी रूपे घेतो. मात्र मराठीत 'सुंदर', 'शूर' यांसारखी पुष्कळ विशेषणे अविकारी आहेत आणि विकारी विशेषणांनाही एका सामान्यरूपावर भागते. पोलिशमध्ये सात विभक्ती असून जवळजवळ प्रत्येक विशेषणाला त्यांच्याबरोबर चालावे लागते.

अनेकवचनात पोलिश भाषा आणखी एक भेद करते. ज्या समूहात पुरुष आहे त्याच्यासाठी एक रूप आणि स्त्रिया, मुले, प्राणी व वस्तू या सर्वांसाठी दुसरे. चांगले पुरुष 'दोब्झी', तर चांगल्या स्त्रिया आणि चांगली पुस्तके दोन्ही 'दोब्रे'. शंभर स्त्रियांच्या मेळ्यात एक पुरुष येऊन मिळाला की साऱ्या मेळ्याचे विशेषण बदलते. मराठीत अशा मिश्र समूहाला अनेकदा नपुंसकलिंगी अनेकवचन आपल्या पोटात घेते. नवराबायको दोघेही 'थकली', असे आपण सहज म्हणतो. पोलिशमध्ये ती सोय नाही.

या भेदाचे महत्त्व ध्यानात येण्यास कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीचे उदाहरण पुरेसे आहे. सोव्हिएत राजवटीने 1940 व 1941 मध्ये घरांतून हाकलून दूर नेलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार माणसे इराणमार्गे 1943 पासून तेथे आश्रयास आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. त्यांच्याविषयी कोणी इंग्रजीत 'दे वेअर टायर्ड' असे तीन शब्द लिहिले, तर इंग्रज वाचकाचे काम झाले. पोलिश अनुवादकाचे मात्र तेथेच अडते. सारी बायकामुलेच असतील तर 'झ्मेंचोने', एखादा म्हातारा बाप वा जखमी सैनिक सोबत असेल तर 'झ्मेंचेनी'. जे मूळ वाक्याने सांगितले नाही, ते भाषांतराला ठरवावे लागते. उलट, पोलिश स्त्रीने 'मी झ्मेंचोना आहे' असे लिहिले, तर तिचे स्त्रीपण इंग्रजीत येता येता गळून पडते; वाचकाला ते अन्य खुणांवरून ओळखावे लागते.

शब्दांच्या अर्थकक्षाही जुळत नाहीत. इंग्रजीतील 'ब्लू' या एकाच छपराखाली पोलिशचे निरनिराळे रंग राहतात: आकाशाचा निळा 'न्येब्येस्की', जो आकाशवाचक 'न्येबो' या शब्दापासून आला, आणि गडद निळा 'ग्रानातोवी'. तपकिरी डोळ्यांना पोलिश माणूस 'पिव्नी' म्हणतो, म्हणजे 'पीवो'चा, अर्थात बिअरचा रंग. तपकिरी अस्वल मात्र 'ब्रुनात्नी' असते. 'दगडी भिंत' म्हणताना मराठी जसे नामापासून विशेषण घडविते, तसे पोलिशही 'काम्येन्नी' घडविते. इंग्रजी मात्र 'स्टोन' हे नाम तसेच पुढे ठेवून मोकळी होते.

आनंदाची कथा याहून नाजूक आहे. इंग्रज माणूस चहा मिळाला तरी 'हॅपी' होतो. पोलिश 'श्चेंश्लिवी' हा शब्द भारदस्त आहे. त्यात सौभाग्य आणि खोल सुख यांचा ध्वनी आहे. साध्या समाधानासाठी 'झादोवोलोनी' आहे आणि भेटीच्या आनंदासाठी तर विशेषण सोडून क्रियापदच वापरले जाते. वृद्ध स्त्रीबद्दल बोलताना 'स्तारा', म्हणजे म्हातारी, हे रूप कठोर वाटते; तेथे तुलनावाचक 'स्तार्शा' वापरतात. तुलनेने जो अर्थ वाढावयास हवा, तो येथे सौम्य होतो.

सर्वांत मोठा धोका ओळखीच्या चेहऱ्यांचा. 'ऑर्दिनार्नी' हा शब्द इंग्रजी 'ऑर्डिनरी'चा भाऊ वाटतो. परंतु त्याचा अर्थ असभ्य, अश्लाघ्य असा आहे. साध्या, निगर्वी माणसाची स्तुती करावयास जावे आणि त्याला असभ्य ठरवून परतावे, असा प्रसंग ओढवतो. 'अक्तुआल्नी' म्हणजे खराखुरा नव्हे, तर सध्याचा. 'सिम्पातिच्नी' म्हणजे सहानुभूती दाखविणारा नव्हे, तर लोभस. 'एव्हेंतुआल्नी' म्हणजे अखेरीस घडणारा नव्हे, तर संभाव्य.

हे सारे केवळ विद्वानांच्या टेबलावरचे प्रश्न आहेत, असे मानणे चुकीचे होईल. पोलंड 2004 मध्ये युरोपीय संघात आल्यानंतर असंख्य पोलिश कुटुंबे ब्रिटनमध्ये गेली. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश हीच सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा होती. अशा घरातील मूल शाळेत इंग्रजी बोलते आणि आजीशी पोलिश. त्याला प्रत्येक विशेषणाबरोबर ठरवावे लागते, की हे कोणाविषयी आहे, ती व्यक्ती स्त्री की पुरुष, एक की अनेक. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहून घरी मराठी टिकविलेल्यांना ही कसरत परकी वाटणार नाही. घरातील भाषा क्षीण होऊ लागते तेव्हा नामे बराच काळ टिकतात. आधी डळमळतात ती त्यांना जोडून येणारी रूपे. म्हणून मुलाच्या तोंडी योग्य रूपातले विशेषण येते, तेव्हा केवळ एक शब्द नव्हे, तर त्या शब्दाने सांभाळलेले सारे नातेसंबंध त्याला मिळालेले असतात.